मर्चंडे गुरुजी आणि सव्वीस प्रश्नचिन्हं

बुरोंडीचे गंगाराम मर्चंडे गुरुजी विरामचिन्हांच्या बाबतीत भयंकर कडक. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि पूर्णविराम विसरणाऱ्याचा अर्धा गुण न चुकता कापला. बायकोने सामानाच्या यादीत 'कांदे बटाटे' लिहिलं, तरी मध्ये स्वल्पविराम घालूनच ते बाजाराला निघत.

निवृत्तीनंतर त्यांनी वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. बाबासाहेबांवरची, लग्नातली, भातलावणीची. पुतण्या अमरदीपने मुंबईहून जुना लॅपटॉप पाठवला होता, त्यात लिनक्स. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाण्याची पहिली ओळ हेच गुरुजी फाइलला नाव म्हणून देत, चिन्हांसकट. 'सोनूबाई: सूनबाई, पाणी कुणाचं भरलंस?' लिनक्सने कधी हरकत घेतली नाही.

मग दापोलीच्या एका वाचनालयाने ही गाणी ऐकवायचा कार्यक्रम ठेवला. लॅपटॉपचं हेडफोनचं भोक खाऱ्या हवेने गंजलेलं, त्याला स्पीकर जोडता येईना, म्हणून गुरुजींनी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर विंडोज. तो चालवायला तेजल, गुरुजींचीच विद्यार्थिनी. समोर साठ माणसं, पहिल्या रांगेत नवं पातळ नेसलेली सोनूबाई.

एकही गाणं उघडेना.

"सर, नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम असला की विंडोज फाइल घेत नाही," तेजल हळूच म्हणाली.

"प्रश्नचिन्ह घेत नाही? मग ह्याला शंका आली तर?"

"लॅपटॉप आणलाय ना? त्यावर पेनड्राइव्ह लावून चिन्हं तेवढी काढा. इथून नावं बदलता येत नाहीयेत."

"काढू? अगं, वाक्य उघडं पडतं!"

पण लोक खुर्च्या सरकवायला लागले होते. गुरुजी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. सव्वीस फाइली. प्रत्येक चिन्ह पुसताना त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होई. शिवाय नुसतं पुसणं मनाला पटेना, म्हणून चिन्हाच्या जागी ते अक्षरांत 'प्रश्नचिन्ह' असं टाइप करत होते, तेही एका बोटाने.

दहा मिनिटांनी सोनूबाई उठली.

"मास्तर, तुमच्या डब्याचा तोंड उघडत नाय तर ऱ्हवं दे. मी जिती हाय ना अजून!"

आणि तिने गाणं धरलं. मागच्या बायकांनी ओळ उचलली, वाचनालयाच्या शिपायाने टेबलावर ठेका दिला. गुरुजींनी सव्विसावं नाव पुरं करून मान वर केली, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि सोनूबाई पाणी पीत होती.

गुरुजी तिच्याकडे धावले. "ते विहिरीचं कडवं माझ्या फाइलीत नाही! मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलात कंदी?"

तेजल मान वळवून हसली. मग तीन गाणी कॉम्प्युटरवर वाजली, लोकांनी तीही ऐकली, पण चहाच्या वेळी गराडा सोनूबाईभोवतीच होता.

पुढच्या आठवड्यात गुरुजी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिच्या अंगणात गेले. तीन दुपारी लागल्या, एकोणीस कडवी निघाली. सोनूबाई सुकट निवडत गात होती. पहिल्याच दिवशी तिने एक सूप गुरुजींच्याही मांडीवर ठेवलं, आणि गुरुजी गुपचूप निवडायला लागले.