माह्या आतड्याचा रिपोर्ट

माह्या मोठ्या बहिणीचा नवरा हेडमास्तर होता, आता रिटायर आहे. जगातल्या कोणत्याई गोष्टीचा पेपर आधी फोडता येते, असं त्या माणसाले मनापासून वाटते. आन् आमच्या घरची रीत अशी, का जवाई बोलला का सगळ्यायनं माना डोलवायच्या. जवायाले "तुमाले नाही समजत" म्हणणारा माणूस केळापुराकडच्या आमच्या खानदानात अजून पैदा व्हायचा आहे.

माह्यं आतडं सडलं होतं. रक्ताची गाठ अडकली, गावच्या डॉक्टरनं तीन दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या देल्या, तोवर आत सगळं काळं पडलं. दीड वर्ष छातीतल्या नळीतून रक्तात सोडलेल्या सलाईनवर जगलो. मंग हैदराबादच्या दवाखान्यात मेलेल्या माणसाचं आतडं माह्या पोटात बसवलं, आन् पोटाले मैला जमा व्हाची पिशवी लावून मी पांढरकवड्याले घरी आलो. डॉक्टरनं बजावून सांगतलं होतं. शरीर हे परकं आतडं कवाई नाकारू शकते. दर हप्त्याले दुर्बीण घालता येत नाही, म्हणून दर सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायचं. त्यात सिट्रुलिन नावाची चीज मोजतात. ती आतडंच बनवते, आतडं बिघडलं का ती घसरते. पण ताप आला, नाही त पिशवी जास्त भरली, त रिपोर्टची वाट न पाहता फोन करायचा. लहान लेकरालेई समजल इतकं सोपं.

आमच्या जवाईबुवाले नाही समजलं. एप्रिलात रिपोर्ट जरासा खाली आला आन् ते मोबाइल घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी आले ते गड जिंकल्यासारखं तोंड करून. टरबुजात सिट्रुलिन ठासून भरलं असते म्हणे! "आता पाहा, कसा फर्स्ट क्लास येते रिपोर्ट." सोमवारी सकाळी, रक्त द्याले निघायच्या आधी, त्यायनं स्वतःच्या हातानं फोडी कापल्या. माही बायको हळूच म्हणाली, "उपाशी राह्याले सांगतलं होतं ना?"

"टरबूज म्हणजे पाणीच," जवाईबुवा म्हणाले.

झालं. माह्या मायनं ताट माह्यापुढं सरकवलं आन् मी खाल्लं. लॅबवालीनं विचारलं, "उपाशी हाय ना?" माह्या आधी जवाईबुवानंच मान हलवली. तीस वर्षं लेकरायले खरं बोला म्हणून छड्या मारल्या होत्या या माणसानं!

रिपोर्ट टनाटन आला. घरात पेढे वाटले. मायनं दृष्ट काढली, आन् तीही माही नाही, जवायाची! चार सोमवार हाच तमाशा चालला. हैदराबादचे डॉक्टरई आपला रिपोर्ट मानून राह्यले, असं हे गल्लीभर सांगत फिरले. मी त्यायच्या पाठीमागं त्यायच्या चालीची नक्कल करून दाखवत होतो. शिकलेला अडाणी म्हणतात तो हाच. ताप उतरवाले थर्मामीटर बर्फात बुडवणारा.

पाचव्या हप्त्यात मले हुडहुडी भरून ताप आला. गाडी करून हैदराबादले गेलो. दुर्बीण घातली त आतडं आतून सोलून निघालेलं. डॉक्टर आधी रिपोर्टायकडं पाहत राह्यला, मंग म्हणाला, "टेस्ट के पहले कुछ खाते थे क्या?" जवाईबुवानं छाती फुगवून सगळं सांगतलं. डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. चिडला असता त बरं झालं असतं.

"पण रिपोर्ट त चांगला होता ना?" जवाईबुवा मलेच विचारून राह्यले. त्या टायमाले इतकी घीन आली मले त्यायची, का थुंकलो नाही इतकंच.

मंग डॉक्टरनं पिशवीचं विचारलं. नेहमीएवढीच भरते, असं बायको सांगू लागली. तिले काय माहीत? पिशवी मीच रिकामी करत होतो, संडासाचं दार लावून. तीन हप्त्यापासून ती दुप्पट भरून राह्यली होती. रिपोर्ट चांगला, घरचे खुश, आन् मले दवाखान्याच्या खाटेवर परत जाऊन पडायचं नव्हतं. टरबुजाच्या फोडी मी मागून मागून खाल्ल्या होत्या. डॉक्टरले हे सगळं सांगतलं. बायको बाजूलेच उभी होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाऊजीले नाही समजत. तुमाले त समजत होतं ना?"

नऊ दिवस ते आतडं वाचवाची औषधं चालली. दहाव्या दिवशी ते काढलं. ऑपरेशनच्या कागदावर सही तिनंच केली, माह्याकडं न पाहता.