‘डेझ’चा वाक्यात उपयोग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल. माझा भित्रेपणा अजून गेलेला नाही, एवढं त्यावरून समजून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पिंपळगाव बसवंतहून मी आणि माझी मैत्रीण कल्पना नाशिकला इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जायचो. घरापासून स्टँडपर्यंत बाबांची मोपेड, पुढे एस.टी. काय दिवस होते! खिडकीच्या जागेवरून भांडण, रद्दीच्या कागदात बांधून आणलेले द्राक्षांचे सुटे मणी, आणि हायवेवरच्या पाट्या मोठमोठ्याने इंग्रजीत वाचणं — कंडक्टर कपाळाला हात लावायचा. कल्पनाइतकं मोकळं हसणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

आमच्या सरांचा एक नियम होता. आठवड्याला एक नवा शब्द, आणि तो वापरायचा स्वतःच्या आयुष्यात खरंच घडलेल्या प्रसंगात. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. एका शनिवारी फळ्यावर शब्द आला — डेझ. सर म्हणाले, ही बेशुद्धी नव्हे, नुसता गोंधळही नव्हे. जबर धक्का बसला की माणूस थोडा वेळ सुन्न होतं. डोळे उघडे असतात, पण कुठे आहोत, काय झालं, कळत नाही — तसं. ‘इन अ डेझ’ म्हणायचं.

कल्पनाने लगेच हात वर केला.

कारण थोड्याच दिवसांपूर्वी आम्ही मोपेडवरून पडलो होतो. कल्पना गाडी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवायची. भावाची मोटरसायकल द्राक्षबागेतल्या वाटांवर फिरवून तिचा हात बसलेला. म्हणून बाबांची अटच होती — चालवायची कल्पनाने, तू मागे बसायचं. त्या दिवशी कांदा मार्केटजवळ मी हट्टाने तिला मागे बसवलं. तिथे सडक्या कांद्यांचा, टरफलांचा चिखल कायमचा. माहीत असून मी वेग कमी केला नाही. गाडी घसरली. मला नुसतं खरचटलं. कल्पनाचं डोकं रस्त्यावर आपटलं.

ती उठून बसली, पण माझ्याकडे परक्यासारखी बघत होती. माणसं जमली. एका हमालाने विचारलं, “गाडी कोन चालवत व्हतं गं?”

आता हे — हे लिहिताना आजही हात अडतो. मी कल्पनाकडे पाहिलं. तिला काहीच कळत नाहीये, हे मला कळलं. आणि मी म्हणाले, “ही.”

घाबरून तोंडातून निघून गेलं का? नाही. मी आधी तिचे डोळे पाहिले, मग बोलले. माझं डोकं अगदी ताळ्यावर होतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “काय झालं गं?” — तेव्हाही मी तेच सांगितलं. घरून निघताना गाडी तिच्या हातात होती, इतकंच तिला आठवत होतं. तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

तर त्या शनिवारी ती उभी राहिली. अडखळत, पण नेटाने इंग्रजीत बोलली — मी मैत्रिणीला पाडलं, मी इन अ डेझ होते, तिला उठवायलासुद्धा गेले नाही, आय ॲम सॉरी. शब्द अचूक बसला होता. सर खूश झाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. “नाय गं, मला नाय जमत,” म्हणायची. लग्न होऊन ती नांदगावला गेली. तिथून लांबच्या एका खेड्यातल्या शाळेत नोकरी मिळत होती, तीही रोज ने-आण कोण करणार म्हणून सोडली. हे तिने मला फोनवर सहज सांगितलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही? आलं असतं. मी विषय बदलला.

दोन हजार सालानंतर कधीतरी तिच्या घरी गेले. तिने मला हाताला धरून सासूबाईंपुढे नेलं. म्हणाली, “आई, हीच ती. मी पाडलं हिला, पण हिने एका शब्दाने मला कधी बोल लावला नाही. अशी माणसं मिळतात का हो?” सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि खणा-नारळाने माझी ओटी भरली.

मी पदर पसरून ती घेतली, आणि वाकून नमस्कार केला.