बावीस ग्रॅम जादा

आधी मला एक सांगा, बावीस ग्रॅम म्हणजे किती? नुसतं इकडेतिकडे बघू नका, सांगा. नाही ना येत? मलाही येत नव्हतं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मी मोर्च्यांत आणि कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत शिकले. बावीस ग्रॅम मात्र पुठ्ठेमामांमुळे कळले, पोस्टाच्या खिडकीसमोर.

पुठ्ठेमामा आमच्या गल्लीतले बाइंडर. तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, आणि आता जुनी पुस्तकं स्वतःच दुरुस्त करून एका वेबसाइटवरून परदेशी विकतात. दुकान म्हणजे घरातली बाहेरची खोली. पलंगावर पुस्तकं, पलंगाखाली पुठ्ठे, आणि मामी झोपतात कुठे हे विचारायची माझीसुद्धा हिंमत नाही. मामांचं पॅकिंग म्हणजे आधी मेणकागद, मग चारी कोपऱ्यांना घडीचे पुठ्ठे, त्यावर पुठ्ठ्याची पेटी, वरून सुतळी. गिऱ्हाइकाला पुस्तक वाचायला दीड दिवस लागतो आणि उघडायला दोन.

त्यालाही कारण आहे. वेबसाइटचा नियम असा की तीन चुका झाल्या की दुकान बंद. मामांच्या दोन झाल्या होत्या. एकदा वाटेत कोपरा दुमडला, एकदा पाठवायला उशीर झाला. आता घड्याळदुरुस्तीच्या एका जाडजूड ग्रंथाची ऑर्डर आली होती, सात दिवसांत पोस्टात पडायलाच हवी होती, आणि हा सातवा दिवस होता. खिडकी चारला बंद होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मामींचा फोन आला.

"अगं, ये लवकर. आम्ही पोस्टात आहोत, आणि ती बाई पार्सल घेत नाही."

मी गेले ती पदर खोचूनच.

परदेशी पुस्तक पाठवायचा सवलतीचा दर दोन किलोंपर्यंतच चालतो. त्यापुढे एक ग्रॅम गेला की साध्या पार्सलचा दर, म्हणजे पुस्तकाच्या किमतीच्या तिप्पट. काटा दाखवत होता दोन हजार बावीस.

"मॅडम, बावीस ग्रॅमसाठी म्हाताऱ्या माणसाचं दुकान बुडवणार?"

"मी काही बुडवत नाही, ताई. परत देतेय."

"तुमचा काटा बिघडलाय."

मॅडमनी शांतपणे खणातून दोन किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं. बरोबर दोन हजार. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ताई, आता काट्यावर मोर्चा काढा." मी वळून असं बघितलं की तो दुसऱ्या रांगेत गेला.

मग सुतळी काढली. पाच ग्रॅम कमी झाले. पेटी उघडली तर पुस्तकावर मामींचं पत्र. मामी प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहितात. घरी कोण कोण असतं, थंडीचं काय करता, जेवण वेळेवर होतं का.

"हे कशाला घातलंस?" मामा म्हणाले.

"माणसं आहेत ती. नुसतं पुस्तक पाठवायचं आणि चौकशी नाही करायची?"

"पण मामी, त्यांना ते वाचता तरी येतं का?" मी विचारलं.

"नसेना का येत. अक्षर चांगलं आहे माझं."

पत्राचे आठ गेले. उरले नऊ. एक गृहस्थ म्हणाले, "मागची कोरी पानं फाडून टाका की."

"आधी तुमच्या सदऱ्याची पाठ फाडा," मामा म्हणाले, "तीही कोरीच आहे."

कोपऱ्यांचे पुठ्ठे काढा, असं मी म्हटलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली. कोपरा पुन्हा दुमडला तर तीच तिसरी चूक. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

मामा बाकावर बसले. पिशवीतून बाइंडिंगची सुरी काढली, ग्रंथ मांडीवर उघडला आणि आतल्या सांध्यावरून दोनदा सुरी ओढली. कव्हर अख्खं हातात आलं. चार दिवसांपूर्वी त्यांनीच बसवलेलं. मामींनी तोंड फिरवलं. भल्याभल्या साहेबांना गप्प करणारी मी, खाली बसून पुठ्ठे गोळा करायला लागले.

"दोन पाकिटं," मामा म्हणाले. "एकात पानं, एकात कव्हर."

फॉर्मवर आतल्या वस्तूचं वर्णन लिहायचं असतं. मामा सरळ माणूस. एका फॉर्मवर लिहिलं, 'पुस्तक आहे, कव्हर नाही.' दुसऱ्यावर, 'कव्हर आहे, पुस्तक नाही.'

मॅडमनी दुसरा फॉर्म वाचला. "यात पुस्तक नाही म्हणता. मग पुस्तकाचा दर कसा लावू?"

"कव्हर पुस्तकाचं नाही तर काय चपलेचं आहे?" मी म्हटलं.

"ताई, आत काहीतरी छापील हवं."

"नाव छापलंय की. सोनेरी अक्षरांत."

त्यांनी कव्हर उलटंसुलटं केलं आणि चक्क विचार केला. खिडकीच्या पलीकडचं माणूस विचार करताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "बरं. नियमात बसतंय. पण त्यात हे हाताने लिहिलेलं पत्र चालणार नाही."

म्हणून पत्राला वेगळं पाकीट, वेगळं तिकीट. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तीन शिक्के पडले. मी मॅडमना थँक्यू म्हटलं नाही. मामींनी म्हटलं, शिवाय त्यांच्या घरची चौकशी केली.

पत्र पोचलं नवव्या दिवशी, कव्हर एकोणिसाव्या. गिऱ्हाइकाने लिहिलं, "पत्र वाचता आलं नाही, अक्षर सुंदर आहे. कव्हर मजबूत आहे. बाकीचं पुस्तक कधी?" तीस दिवसांत माल पोचला नाही तर तीही चूकच. मामांनी जेवण निम्म्यावर आणलं. अठ्ठाविसाव्या दिवशी पानं पोचली. मामांनी व्हिडिओ कॉलवर कव्हर चिकटवायला शिकवलं, गिऱ्हाइकाने मन लावून ऐकलं आणि उलटं चिकटवलं. खूश होऊन वेबसाइटवर त्याचा फोटो टाकला आणि पाच तारे दिले.

दुकान वाचलं, पण मामा त्या फोटोकडे बघून चिडले. "या कामाला पाच? परत पाठवा म्हणावं, नीट बसवून देतो." मामींनी फोन काढून घेतला.

असल्या कारागिराला पुन्हा पोस्टाच्या बाकावर पुस्तक सोलायला लागू नये, म्हणून मी निवेदन लिहिलंय. मागणी एकच आहे, वजन पुस्तकाचं धरा, त्याच्या कपड्यांचं नको. निवेदन शनिवारी दुपारभर मामांच्या बाहेरच्या खोलीत ठेवलेलं असेल. या आणि सही करा. एकटे येऊ नका, शेजाऱ्यालाही ओढून आणा.