भर मांडवात दिलेला खण

चुलतभावानं माइकवर माझं नाव पुकारलं आणि माझ्या हातावर हिरवा खण ठेवला.

"घ्या आण्णा, तुमच्याच मापाचा हाय."

कवठे महांकाळकडच्या आमच्या गावी त्याच्या मुलीचं लग्न होतं. आमच्यात आहेर नाव पुकारून देतात. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साडी नाहीतर खण. मांडव खदखदून हसला. नववीतली माझी मुलगी समोर बसली होती, तिनं मान खाली घातली. मीही हसलो. ते हसणं मला अजून सोसत नाही.

मला बाई आवडते तसा पुरुषही आवडतो. बायकोला हे लग्नाआधीच सांगितलं होतं. तिनं विचार करून होकार दिला. आमचा संसार नीट चालला आहे. पण कॉलेजातल्या एका मित्रावर माझं प्रेम होतं, ती जुनी गोष्ट भावकीत फुटली आणि मी माणसातून उठलो.

त्या लग्नानंतर झोप उडाली. वजन आठ किलोंनी उतरलं. जन्म हिशेब तपासण्यात गेला, तरी साध्या बेरजा चुकू लागल्या. मळ्यातल्या विहिरीकडं जायची भीती वाटायची. स्वतःचीच भीती. बायकोनं ओळखलं आणि मला विश्रामबागेत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं.

मी विचारलं, "ही आवड जाईल का?"

"तो आजारच नाही, तर जाईल कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "गिळलेला अपमान तुम्हाला झोपू देत नाही."

बाहेर आलो तेव्हा पेटलो होतो. संतापानं. अर्धं आयुष्य मी स्वतःलाच रोगी समजत आलो होतो.

दिवाळीनंतर सख्खा धाकटा भाऊ आला. त्याच्या पोराचं लग्न ठरलं होतं.

"आण्णा, वैनीला आन् पोरीला पाठवा. तुमी नगा येऊ. लोक लय हसत्यात."

"मागं हसले, तवा तू काय करत हुतास?"

तो चपलेकडं बघत म्हणाला, "समदीच हसली. मी बी हसलो."

"मग ऐक. माझ्या घरातलं कुणीच येणार न्हाई."

"आवं, भावकी तुटंल!"

"तुटू दे. तुमाला जपता जपता मी मरायला निघालो हुतो."

तो चहा न घेता गेला. मी त्याला थांबवलं नाही.

झोपेची गोळी अजून चालू आहे. कशाची म्हणून कुणी विचारलं, तर लपवत नाही. आजार कुणी दिला तेही नावानिशी सांगतो. सख्ख्या भावाचं नाव पहिलं घेतो.