सरकीच्या तेलातले बाबा

रंगांचा मला आता कंटाळा आला आहे. घरी कोणी आलं आणि 'तुम्ही चित्रं काढत होतात म्हणे' असं विचारलं की मी चहा टाकायला उठते. पाण्याचे रंग झाले, रंगीत खडू झाले, तेल झालं, चुना झाला. एवढं सगळं करून पाहिलं ते काही कलेच्या ओढीने वगैरे नाही. मला एक चेहरा हवा होता, माझ्या वडिलांचा.

बाबा पांढुर्ण्याच्या एका जिनात, कापसातली सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात विषमज्वराने गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि एवढं जपूनही पन्नाशी काही त्यांनी पाहिली नाही. पुढे घरोघरी पुढाऱ्यांच्या तसबिरी लागल्या. माझा मोठा भाऊ नागपूरला सचिवालयात कारकून होता, त्यानेही दोन आणून पांढुर्ण्याच्या घरात टांगल्या. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "साऱ्या देशाच्या बापाइचे फोटो लावले घरात. तुमच्या बापाचा तेवढा नाई."

मी लग्न होऊन सौंसरला गेलेली, तिथल्या मुलींच्या शाळेत चित्रकला आणि शिवण शिकवायला लागलेली. पुढच्या खेपेला बसने माहेरी आले तेव्हा आईने मलाच धरलं. पोरींना फुलं-पानं शिकवतेस, मग बापाचं तोंड काढून दे म्हणाली. "माह्या ध्यानातून जाऊन राह्यलं ते. पुरं जाईन त्याच्या अगुदर काढ."

मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, एका सुट्टीचं काम आहे.

भावाने नागपूरहून पाण्याच्या रंगांची पेटी आणून दिली. डोळे मिटले की मला बाबा दिसायचे, कागद पुढे घेतला की नाहीसे व्हायचे. ते सकाळी जिनात जायचे, रात्री यायचे. आम्हा पोरांना त्यांचा आवाज जास्त माहीत, चेहरा कमी. म्हणून मी आईला विचारत बसले. नाक कसं होतं? कपाळ केवढं होतं? आई विचार करायची आणि कानाबद्दल सांगायची. कान मोठे होते, डाव्या कानामागे मस होता, मानेवर टोपीचा वळ पडलेला असायचा. हाताची बोटं तर तिने अशी सांगितली की मी डोळे झाकून काढावीत. पण नाक म्हटलं की अडायची. शेवटी मी वैतागले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, सासू-सासरे, जेठ, सगळे घरात. पदर नाकापर्यंत. जेवायला वाढताना हात दिसायचे, बाहेर निघाले की पाठ दिसायची. दिवसाउजेडी नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहायची पद्धत नव्हती, आणि पुढे घर वेगळं झालं तरी पदर काही वर गेला नाही.

म्हणजे जे तिला आठवत नव्हतं ते तिने धड पाहिलेलंच नव्हतं. मला तेव्हाच थांबायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला तिची दया आली आणि मी जास्तच इरेला पेटले.

पाण्याचे रंग वैशाखातल्या पांढुर्ण्याच्या कामाचे नाहीत. कुंचला गालावरून हनुवटीपर्यंत पोचेपर्यंत गाल वाळून जातो आणि मध्ये ओरखड्यासारखी कड उठते. ती कड पुसायला पाणी लावलं की दुसरी उठते. आईने पाहिलं आणि म्हणाली, हे तर पुरात सापडल्यासारखे दिसून राहिले. मग रंगीत खडू आणले. खडूने चांगलं जमत होतं. अंगाचा सावळा रंग, मिशीखालची सावली, सगळं बोटाने घासून मऊ करता यायचं. ते चित्र आईला आवडलं असावं. तिने जवळ जाऊन हळूच गालाला हात लावला, आणि गाल तिच्या बोटांवर आला. ती बोटांकडे पाहत राहिली. मग तिने ती लुगड्याला पुसली नाहीत, न्हाणीत जाऊन धुतली. भाऊ म्हणाला, आता खरे तेलरंग आणतो, ते कुठे जात नाहीत.

पण त्याआधी तोच गेला. राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही होतो तिथेच मध्य प्रदेशात राहिलो, आणि नागपुरातली आमची राजधानी तेवढी उठून भोपाळला गेली. तिच्यामागे भाऊ, त्याचं बिऱ्हाड आणि तेलरंगांचा वायदा. इकडे शाळेचा कारभार हळूहळू हिंदीत आला. चित्रकलेच्या बाई म्हणून दारावरची पाटी माझ्याच गळ्यात पडली: 'शाळा'तला ळ खोडून तिथे ल करायचा. एका अक्षराचं काम. मी ते शिडीवर चढून केलं, घरी आले आणि दिवे लागेपर्यंत पडून राहिले. कोणी मेलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं.

रंगांसाठी मुद्दाम नागपूरला कोण जाणार? बाजारात दाराला लावायची गेरू आणि पिवडी मिळायची, घरात काजळ आणि कपड्यांची नीळ होतीच. फक्त तेल हवं होतं. तेलाबद्दल माझा हिशेब सोपा होता. जवळच्या जामसांवलीला मारुतीच्या अंगावर शेंदूर तेलात कालवून चढवतात, तो वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणजे तेल कोणतंही चालावं. मग बाबांसाठी सरकीचंच का नको? जन्मभर त्या माणसाच्या अंगाला सरकीचा वास. एका ओळखीच्या तेल्याने नाही नाही म्हणत मला तेवढं काढून दिलं. मांजरपाटाला चिंचोक्याची खळ लावून तो ताणला, आणि सौंसरच्या आमच्या घरी, शाळा सुटल्यावर, मी बाबांना सरकीच्या तेलात काढलं.

चांगले उतरले होते. निदान रंग तरी माणसाच्या कातडीचा होता. पण ते वाळेनात. दसरा गेला, दिवाळी गेली, बोट लावलं की चिकट. मी चित्र गच्चीवर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी खाली आणायची. आमच्या यांना विषयच मिळाला. ऑफिसातून आले की जोडे काढता काढता सासऱ्यांची चौकशी करायचे, "मामाजी वाळले का आज?" मी चिडायची. भावाने पुढे कुणाला तरी विचारून कळवलं की चित्राला जवसाचं तेल लागतं, ते सुकतं. सरकीचं नीट सुकत नाही. आणि मारुतीचा शेंदूर बसतो तो शेंदराच्या गुणाने, तेलाच्या नाही. जवस आमच्या डब्यात चटणीपुरता कायम असायचा.

पण तोवर आईने धीर सोडला होता. वाळलं की घेऊन येते, हे ऐकून ऐकून ती कंटाळली आणि म्हणाली, ओलं तर ओलं, आण. मी चित्र पांढुर्ण्याला नेलं आणि कोनाड्यात उभं केलं. जिनांचा हंगाम जोरात होता. त्या दिवसांत पांढुर्ण्याची हवाच रुईची, उडत्या कापसाची असते; ती पाण्याच्या घागरीवर बसते, भुवयांवर बसते. मी पुन्हा गेले तेव्हा बाबांच्या डोक्यावर, मिशीवर, गालांवर पांढरी लव धरली होती. मला रडायला आलं. मी ती चिमटीने काढायला गेले तर आईने माझा हात धरला.

"राहू दे वो," ती म्हणाली. "म्हातारे झाले असते तं असेच दिसले असते."

तो हिवाळा ती त्या चित्राजवळ बसून निवडणं-टिपणं करायची. मला वाटलं, झालं, सुटलो. पण उन्हाळा आला आणि तेल पातळ झालं. कपाळ भुवयांवर उतरलं, मिशी हनुवटीवर आली. आईने त्याच्यावर फडका टाकला आणि मला निरोप धाडला.

मग मी हट्टाने शेवटचा उपाय केला. भावानेच कधीतरी सांगितलं होतं, ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला की तो आत मुरतो, मग तो पुसत नाही, वितळत नाही. आईच्या खोलीत चुलीपासून लांबच्या भिंतीवर गवंड्याकडून तेवढाच तुकडा गिलावून घेतला. अडचण अशी की गिलावा सुकायच्या आत काम संपवावं लागतं. आईला विचारायला, खोडायला, पुन्हा काढायला वेळ नाही. आणि नाक कसं होतं, हा प्रश्न होताच. लहानपणापासून सगळे म्हणायचे, पोरगी बापावर गेली. मी भिंतीला आरसा टेकवला. नाक माझं घेतलं, डोळे माझे, ओठ माझे. वर टोपी दिली, मिशी दिली, कान मोठे केले. हात भरून आले, चुन्याने बोटं सोलली, पण संध्याकाळच्या आत बाबा भिंतीवर होते.

आई उंबऱ्यात उभी राहून पाहत राहिली. कसं झालंय विचारलं तर म्हणाली, बरं आहे, आता हात धू आणि जेव.

ते चित्र टिकलं. ना उडालं, ना ओघळलं. एकदोन उन्हाळे गेले आणि एका दुपारी, मी सुट्टीला आलेली असताना, आईने भिंतीला चुना मारून घ्यायचं काढलं. मला आधी वाटलं, सणासाठी घर उजळायचं असेल. पण तिला तेवढीच भिंत हवी होती. मी विचारलं, काय बिघडलं? ती बरंच काही पुटपुटली. मग म्हणाली, पुसून टाक, मग सांगते. चुन्याचा एकच हात दिला तर खालचं झाकत नाही, टोपी खालून दिसतच राहिली. मी पुन्हा मारला, पुन्हा मारला. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

भिंत पांढरी झाल्यावर ती खाली बसली. तिने सांगितलं की बाबा आधी अधूनमधून यायचे. झोपायच्या आधी डोळे मिटले की. धड दिसायचे नाहीत, पण यायचे; पाठमोरे, कधी अर्धं तोंड. भिंतीवरचं रोज पाहून पाहून ते यायचे बंद झाले. म्हणून पुसायला सांगितलं, पुन्हा येतील म्हणून.

मी सौंसरला परत गेले. पुढच्या खेपेला मीच विचारलं, बाबा आले का?

"येतात," आई म्हणाली. "पण आता तुह्यं तोंड घेऊन येतात."

इतक्या वर्षांत मी तिला काही देऊ शकले नाही, आणि तिच्यापाशी जे अर्धंमुर्धं होतं तेही मीच भरून टाकलं होतं. मी म्हटलं, आई, माझं चुकलं. ती म्हणाली, तुझं काय चुकलं, मीच सांगितलं होतं काढायला. तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतर मी कितीदा तरी माहेरी गेले. आई चहा करायची, शाळेचं विचारायची, जावयांचं विचारायची. फक्त बोलताना सुपातल्या तांदळांकडे पाहून बोलायची. मी समोर जाऊन बसले तरी तिने मान वर केली नाही, पदर तेवढा नाकापर्यंत ओढला.