न मोडलेली खीळ

लढाईच्या दिवसांत एक लहान विमान आमच्या धानोऱ्याच्या माळावर, मिरच्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या शेजारी उतरलं आणि चाकाच्या दांड्यातली खीळ मोडून एका अंगाला कलंडलं. दोन दिवस आम्ही त्याच्याकडे झोपेत चालल्यासारखे बघत फिरलो. तिसऱ्या दिवशी नंदुरबार स्टेशनावरून बैलगाडीत बसून त्याचा मिस्तरी आला. त्याचं नाव मी विचारलं नाही.

तो सावकाश काम करी. हातातली नवी खीळ आधी गालाला लावी, लेकराचा ताप बघावा तशी. मोडलेली बदलून झाली, तसा तो दुसऱ्या चाकाकडे वळला. विमान चालवणारा साहेब चिडला. त्याला लगेच उडायचं होतं. मिस्तरीने खिशातला इंग्रजी हुकूम माझ्या हातात दिला. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला, मी तो मोठ्याने वाचला. या बनावटीच्या प्रत्येक विमानाच्या दोन्ही खिळी बदलाव्यात, तोवर उड्डाण नाही.

"पण ही तर चांगली आहे," मीही साहेबाची बाजू घेतली.

मिस्तरी हसून आमच्याच अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मोडेल खीळ कोन्हीबी बदली. न मोडेल बदलाले हुकूम लागस." मोडेल म्हणजे आमच्याकडे मोडलेली.

साहेब मिरच्यांच्या खाटाने खोकत बसून राहिला. उन्हं कलल्यावर विमान तापीच्या दिशेने उडालं. काढलेली खीळ मिस्तरीने माझ्या हातावर ठेवली.

ती अजून माझ्या टेबलावर आहे. भिंगातून कितीदा पाहिली, चीर सापडली नाही. पण साहेब सुखरूप पोहोचला असेल का, हा प्रश्न मला कधीच पडला नाही.