भुतांना भिणारा मामेभाऊ

भोकरदन तालुक्यातल्या भुतांची झाडानिशी आणि वेळेनिशी माहिती असलेला माझ्या मामेभावासारखा दुसरा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानात तो काउंटरवर असतो. हलक्या रानात कपाशीचं कुठलं वाण येईल हे तो गिऱ्हाइकाला ज्या खात्रीने सांगतो, त्याच खात्रीने त्या रानाच्या बांधावर कोण बसतं तेही सांगतो. "हे वाण न्या, बिलकुल फसणार न्हाई. पण फवारणी बाराच्या आत उरका. तुमच्या चिंचंखाली बाई राहती." गिऱ्हाईक वाण नेतं आणि फवारणीही बाराच्या आत उरकतं. भुतांना तो मनापासून भितो आणि ते लपवत नाही. त्याच्या मोटारसायकलच्या डिक्कीत पंक्चरचं सामान नसेल, पण लिंबू आणि बिबा असतोच. मांजर आडवं गेलं की दुसरं कोणी पुढे जाईपर्यंत तो जागचा हलत नाही. एकदा हसनाबादच्या रस्त्यावर असा पाऊण तास उभा राहिला, तेव्हा ज्या मुलीला पाहायला निघाला होता तिचे वडीलच त्याला शोधत आले. ते स्थळ अर्थातच जमलं नाही.

माझं लग्न आठ दिवसांवर आलं, तेव्हा या दादाने जाहीर केलं, "लग्नाआधी एक दिवस तरी मोकळं फिरून आलं पाहिजे. मंग हायेच आयुष्यभर पिशव्या उचलणं." केदारखेड्याच्या पुढे नदीकाठी त्याच्या ओळखीच्या माणसाचा मळा होता. मी, माझे दोन मित्र आणि दादा, दोन गाड्यांवर निघालो. रस्ता विचारणं दादाला कमीपणाचं वाटतं, त्यामुळे आम्ही पोचलो ते भलत्याच पडीक रानात. तिथे एक पडकं खोपट, एक लिंबाचं झाड आणि काटेरी झुडपांत बुडालेली जुनी विहीर होती. "हेच ते. लोकांनी लक्ष दिलं न्हाई म्हणून असं झालंय," दादा म्हणाला. आम्ही तीन दगडांची चूल मांडली आणि कोंबडी रटरटायला ठेवली.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, जमिनीखालून आवाज आला. बारीक, ओढलेला. "कोनी हाय का... पाणी द्या..." माझा एक मित्र चपला टाकून पळाला. दुसरा किल्ली न लावताच गाडीला किका मारत बसला. मीही पळालोच. बांधावरून वळून पाहिलं, तर दादा चुलीपाशी हातात पळी घेऊन उभा. चेहरा पांढराफटक.

"दादा, चल!" मी ओरडलो.

"तू जाय. तुझं लग्न हाय," तो म्हणाला. "भूत असो न्हाई तर माणूस, ते पाणी मागून राह्यलंय. मला ऐकू आलं ना. आता कसं जाऊ?"

एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन तो विहिरीकडे गेला. काठाशी बसला आणि डोळे मिटूनच त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही जित्ते हात का?"

खालून उत्तर आलं, "पाय मोडलाय रे. मेलो असतो तं येवढा दुखला असता का?"

तो एक म्हातारा धनगर होता. कोरड्या विहिरीत पडलेलं कोकरू काढायला सकाळी उतरला आणि दगड निसटून स्वतःच खाली गेला. आम्ही शरमेने परत आलो. दादा कपारींना धरत त्या काळोख्या विहिरीत उतरला. भीतीने त्याचे दात वाजत होते, ते वरपर्यंत ऐकू येत होतं, पण तोंडाने म्हाताऱ्याशी गप्पा चालूच होत्या. सामान बांधायच्या दोराने आणि बसायला नेलेल्या ताडपत्रीने आम्ही आधी म्हाताऱ्याला वर ओढलं, मग कोकराला. माझे तळहात सोलून निघाले, कोंबडीचा कोळसा झाला. रस्त्यावर टेम्पो थांबवून बाबांना दवाखान्यात नेलं. माझ्या लग्नात सोललेल्या हातांना हळद लागली तेव्हा मी ओरडलो आणि सासरच्यांना वाटलं, नवरदेवाला लग्नच नको आहे.

बाबांचा पाय बरा झाला, पण लंगडणं राहिलं. त्यांना दोन मुलीच, लांब दिलेल्या. सुट्टीच्या दिवशी दादा त्यांच्याकडे जाऊ लागला. ते त्याच्या भुतांवर खदखदा हसायचे, हा चिडायचा आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा जायचा.

मागल्या वर्षी बाबा गेले. दहाव्याला गेलेला दादा घरी परतला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. मामी अंगणातच किंचाळली, "बाप जिता असताना डोकं केलं रे तू!" शेजारपाजार जमला.

दादा खाली मान घालून म्हणाला, "तिथं करायला कोनी नव्हतं, आई."

मामा ओट्यावर बसले होते. ते हळूहळू उठले, स्वतःची टोपी काढली आणि मुलाच्या उघड्या डोक्यावर नीट बसवली. मग त्याच्या शेजारी, उन्हात तसेच बोडक्याने बसून राहिले.